गुडघे की गळा

ऑपरेशनला दीड वर्ष होऊन गेलं, तरी अधूनमधून एखादा फोन येतोच. कुणाची बहीण असते, कुणाची मावशी, कुणाच्या ऑफिसातल्या मॅडम. थोडं इकडचं तिकडचं झालं की खरा प्रश्न येतो. "ताई, तुम्ही कोणती केली? स्लीव की बायपास?" मी बायपास म्हटलं की लगेच पुढचा, "मग तीच चांगली ना?"

याचं उत्तर फोनवर एका शब्दात देता येत नाही, म्हणून लिहायला घेतलं. मी डॉक्टर नाही. हैदराबादेत कोठी भागातल्या पोस्टात काउंटरवर बसते. वजन कमी करायच्या दोन ऑपरेशनांमधून मी एक निवडलं, ते का निवडलं आणि निवडताना घरात काय काय झालं, एवढंच मला सांगता येईल. तुमचं शरीर वेगळं, तुमचं घर वेगळं.

माझी लेक प्रज्ञा हे वाचील तेव्हा प्रत्येक जोडाक्षराला अडखळेल. ती इंग्रजी शाळेत शिकली, मराठी बोलते पण वाचायचं म्हटलं की कपाळाला आठ्या. तरी तिनं वाचावं. यात तिचाही भाग आहे, आणि तिला विचारूनच लिहिते आहे.

*

विद्यानगरात आमच्या घराजवळ एक लहानसा विहार आहे. रविवारी सकाळी तिथं वंदना होते आणि ती सांगायला मी पुढं बसते. म्हणजे मी एक ओळ म्हणायची आणि मागून सगळ्यांनी. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हे काम माझ्याकडं आहे. मी दिसायला बेताची, शिक्षणात बेताची, पण आवाज चांगला. माईक नसला तरी शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचायचा.

त्या रविवारी मी नमस्कारासाठी पुढं वाकले आणि पोटातलं आम्ल एकदम वर आलं. घशात, नाकात, सगळीकडं. श्वास कोंडला. मागून मिलिंदनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, काखेत हात घालून मला सरळ बसवलं. प्रज्ञा पाणी घेऊन धावली. मला बरं वाटलं तेव्हा मी पुढची ओळ म्हणायला तोंड उघडलं, तर आवाजच आला नाही. नुसती फुसफुस. मागच्या रांगेतल्या एक बाई उठून पुढं आल्या आणि त्यांनी वंदना पुरी केली. मी त्यांच्या शेजारी मान खाली घालून बसून राहिले.

आम्ल काही नवीन नव्हतं. कित्येक वर्षं मी आडवी झोपलेच नव्हते. पाठीशी उशा रचून, अर्धवट बसून झोपायची. शुगरची गोळी होती. गुडघे तर असे की सकाळी चहानंतर दुखण्याची गोळी घेतली नाही तर जिना उतरणं अवघड. या सगळ्याच्या मुळाशी वजन होतं हे मला कळत नव्हतं असं नाही. पण त्याबद्दल मी बोलायचे नाही. लोकच बोलायचे.

आणि माझ्या वडिलांच्या घरात जाडपणाला कुणी वाईट म्हटलंच नव्हतं. ते परभणीकडून पोट भरायला हैदराबादला आलेले. लहानपणी त्यांनी काढलेले उपास कुठल्या देवासाठी नव्हते, घरात दाणा नव्हता म्हणून होते. पगार सुरू झाल्यावर त्यांनी मला जवळ बसवून भरवलं. माझे गाल बघून शेजारचे हसले तर ते म्हणायचे, "हसू द्या. माझ्या लेकीकडं बघून कुणी म्हणणार नाही की हिच्या घरी चूल पेटत नव्हती." माझं वजन ही त्यांची कमाई होती. तिला आजार कसं म्हणायचं?

*

पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी केली आणि सर्जनकडं पाठवलं. सर्जन बाई होत्या, माझ्याच वयाच्या, तेलुगू. हिंदी बोलायच्या, पण प्रत्येक वाक्याचा शेवट तेलुगूसारखा लांबवायच्या. मी, मिलिंद आणि प्रज्ञा तिघं समोर बसलो. त्यांनी रिपोर्ट बघितले, मला प्रश्न विचारले. आधी काय काय करून पाहिलं? मी सांगितलं: चालणं, डाएट, एका आयुर्वेदिक वैद्यांचा काढा, मग अलीकडची आठवड्याला घ्यायची इंजेक्शनं. इंजेक्शनांनी वजन उतरलं होतं, पण मळमळ आणि आम्ल इतकं वाढलं की ती सोडावी लागली, आणि सोडल्यावर वजन परत आलं.

मी मान खाली घालून म्हणाले, "मुझसेच नहीं होता, मॅडम."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आपका गलती नहीं है, अम्मा. ये बीमारी है. जैसा शुगर है, बीपी है, वैसाच बीमारी."

मला रडू कोसळलं. दुःखानं नव्हे. जन्मभर मी ऐकत आले होते की हिचे जिभेचे चोचले फार, हिचा तोंडावर ताबा नाही. पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं की यात तुझा गुन्हा नाही. मिलिंदनं रुमाल दिला. मी डोळे पुसत होते, हलकी होत होते, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत माझी वीस वर्षांची लेक बसली होती, जिचा बांधा थेट माझा आहे. तिच्याकडं बघायचं मला सुचलं नाही.

रिक्षात ती बाहेर बघत बसली. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "मम्मी, तुझं वजन बीमारी आहे, तो मेरा क्या है? मीपण पेशंट का?"

"तुझं वेगळं गं. तू लहान आहेस."

"वेगळं कसं? तुझेच कुर्ते घालती मी."

मी तिच्या चपला उचलून ठेवू लागले. ती म्हणाली, "तू कर ऑपरेशन. पण मेरेकू नक्को बुलाना हॉस्पिटलमें. मला नाही बघायचं." आणि आत जाऊन दार लावून घेतलं. ज्या शब्दानं माझं ओझं उतरलं, तोच तिच्या खांद्यावर जाऊन बसला होता.

*

दुसऱ्या भेटीत डॉक्टरबाईंनी कागदावर चित्रं काढून दाखवली. मला समजलं तसं सांगते.

स्लीवमध्ये पोटाचा मोठा भाग कापून काढतात आणि उरतं ते केळ्यासारखं लांबट, अरुंद पोट. आतडं जिथल्या तिथं. काम त्यामानानं सुटसुटीत. बायपासमध्ये पोटाच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी एक छोटी पिशवी करतात आणि आतडं खालून उचलून थेट तिला जोडतात. उरलेलं पोट आतच राहतं, पण अन्न तिकडं जात नाही. तिसराही एक प्रकार असतो, एकाच जोडाचा बायपास. तो त्यांनी माझ्या बाबतीत बाजूला ठेवला, कारण त्यात पित्त वर यायची भीती, आणि माझा घसा आधीच सोललेला.

मला अर्थातच स्लीव हवी होती. आमच्या वरच्या मजल्यावरच्या नसीम आपांनी तीच केली होती आणि त्या मजेत होत्या. दोन्ही हात उडवत सांगायच्या, "पेट छोटा कर दिये, बस. इत्ता सा खाती मैं, खुश रहती. कोई झंझट नहीं." मिलिंदलाही स्लीवच बरी वाटत होती. नामपल्ली स्टेशनात तिकिटाच्या खिडकीवर बसणारा हा माणूस, त्याला रस्ता बदलणं म्हणजे घोटाळा वाटतो. "आतडं तिकडचं इकडं कशाला करायचं? निसर्गानं काही विचार करूनच ठेवलं असेल ना?"

पण डॉक्टरबाई म्हणाल्या की स्लीवनंतर आम्ल वाढू शकतं. सगळ्यांचं वाढत नाही, पण ज्यांना आधीच एवढा त्रास आहे त्यांनी जपून राहावं, नाहीतर पुढं कधीतरी पुन्हा ऑपरेशन करून बायपास करायची वेळ येते. माझं आम्ल आणि शुगर बघता बायपास जास्त उपयोगी. मी म्हटलं, मग बायपासच करा, विषय संपला.

"नहीं ना," त्या म्हणाल्या. "आप घुटने का गोली रोज लेते ना? बायपास के बाद वो गोली बंद. जिंदगीभर." त्या गोळ्यांनी नव्या जोडाजवळ जखम होते. ताप-अंगदुखीची साधी गोळी चालेल, पण ज्या गोळीवर मी उभी होते ती पुन्हा कधीच नाही. आणि एवढ्या वजनावर गुडघे बदलायला हाडांचे डॉक्टर तयार नव्हते.

म्हणजे स्लीव केली तर गोळी राहणार, पण घसा जळत राहायची भीती. बायपास केली तर घसा सुटणार, पण गुडघे माझे मला सोसायचे. मी विचारलं, "तुम्ही काय कराल माझ्या जागी?" त्या हसल्या. मग म्हणाल्या की माझा कल बायपासकडं आहे, पण दुखणार तुम्हाला आहे, मला नाही. घरी जा, विचार करा.

एवढ्यात नातेवाइकांत बातमी पसरली ती अशी की करुणाचा, म्हणजे माझा, बायपास आहे. मिलिंदच्या ऑफिसातले एक गृहस्थ सफरचंदं घेऊन आले आणि हळू आवाजात विचारू लागले, "वहिनींना अटॅक कधी आला?" मिलिंद त्यांना समजावून समजावून थकला. शेवटी ते जाताना म्हणाले, "ते काही असो, तूप बंद करा."

*

मी नसीम आपांकडं जाऊन बसले. वाटलं, त्या म्हणतील स्लीवच कर, आणि माझं ठरून जाईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मेरेकू कभी खट्टी डकार भी नहीं आती थी, बहन. तेरा पेट मेरा पेट है क्या? मैं बोलूँगी स्लीव कर, कल तू गला पकड के बैठेगी, तो मेरेकूच बददुआ लगेगी." आणि त्यांनीच विचारलं, "गोली छोड के देखी क्या कभी?"

नव्हती सोडली. सोडायची हिंमतच झाली नव्हती.

त्या दिवसापासून मी दुखण्याची गोळी बंद केली. महिनाभर बघायचं ठरवलं. पहिला आठवडा वाईट गेला. पोस्टात खुर्चीतून उठताना टेबलाची कड धरावी लागायची. जिना चढताना मी मध्येच थांबून भिंतीवरची जाहिरात वाचल्यासारखं करायची, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याला कळू नये. मिलिंद ड्यूटीवरून आला की खाली येऊन उभा राहायचा आणि मी आले की माझी पिशवी घेऊन एकेक पायरी माझ्याबरोबर चढायचा. घरी गरम पाण्याची पिशवी, मग तेल. चोळता चोळता एकदा तो म्हणाला, "कर ना स्लीव. ही गोळी तरी राहील."

"तुम्हाला बायपासची भीती वाटते का?"

त्याचा हात थांबला. "मला सगळ्याचीच भीती वाटते. चांगली चालती-बोलती बायको आपण होऊन टेबलावर नेऊन झोपवायची. करुणा, मला तू आहेस तशी चालतेस."

"मला नाही चालत," मी म्हणाले. "मला श्वास न कोंडता झोपायचंय. मला रविवारी पुढं बसायचंय. गुडघा दुखला तर मी बसून घेईन. पण घसा गेला तर मी काय करू?"

हे बोलले तेव्हाच मला कळलं की माझं ठरलंय. त्यालाही कळलं. तो पुन्हा तेल चोळू लागला. डोळे भरले होते, पण म्हणाला एवढंच, "मग उद्यापासून या गुडघ्यांना नीट बघू. फिजिओला विचारून येतो."

महिना संपला तेव्हा गुडघे दुखतच होते. पण त्यांच्याबरोबर जगता येत होतं. दुखण्याशी माझी ओळख झाली होती म्हणा. डॉक्टरबाईंना जाऊन सांगितलं, बायपास.

*

ऑपरेशनच्या आधी काही दिवस फक्त पातळ खायचं असतं, यकृत लहान व्हावं म्हणून. ते दिवस मला ऑपरेशनपेक्षा जड गेले. दवाखान्यात दाखल झाले तेव्हा भीतीपेक्षा लाज जास्त होती. दवाखाना म्हटलं की माझा जुना अनुभव असा की बीपीचा पट्टा दंडाला पुरत नाही, झग्याच्या नाड्या मागं जुळत नाहीत आणि नर्स एकमेकींकडं बघतात. इथं मात्र सगळं मोठं होतं. खुर्ची रुंद, पलंग रुंद, झगा अंगावर घेतला तर चक्क ढगळ झाला. मी तो झगा घालून आरशासमोर उभी राहिले आणि मला हसूच आलं. आजवर असा ढगळ कपडा मी घातलेला मला आठवत नव्हता.

टेबलावर घेताना डॉक्टरबाईंनी हात धरला. "डर लग रहा?" मी हो म्हटलं. "मेरेकू भी थोडा डर लगता, हर बार," त्या म्हणाल्या. "तभी तो ध्यान से करती." पुढचं आठवत नाही.

शुद्ध आली तेव्हा पोटात हवा भरल्यासारखं वाटत होतं आणि खांदा दुखत होता. खांदा का, ते कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगून ठेवते: आत भरलेल्या हवेमुळं दुखतो, दोनेक दिवसांत जातो. संध्याकाळीच नर्सनं उठवून चालवलं. पायांत घट्ट मोजे, हातात सलाईनचा दांडा, आणि मिलिंद दुसऱ्या बाजूला, लग्नात चालला होता तसा ताठ. मधूनमधून एका खेळण्यासारख्या यंत्रात श्वास ओढून त्यातले चेंडू वर न्यायचे. पाणी औषधाच्या झाकणातून, घोटभरसुद्धा नव्हे, ओठ ओले होतील इतकंच. त्या झाकणातल्या पाण्याची चव मला अजून आठवते. गोड होतं.

प्रज्ञा आली नव्हती. मिलिंद फोनवर सांगायचा, "मम्मी बरी आहे," आणि पलीकडून "हौ" एवढंच यायचं. मी विचारत नव्हते. आपणच दिलेली जखम, तिच्यावर आपणच फुंकर घालायला गेलो की ती आणखी चुरचुरते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डोळे मिटून पडले होते. कुणीतरी माझ्या डोक्याखालची उशी सरकवली. केसांत कंगवा फिरला. दोन दिवस विंचरले नव्हते, गुंता झाला होता. ती गुंता ओढत नव्हती, खालून वर, हळूहळू सोडवत होती, लहानपणी मी तिचा सोडवायची तसा. मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर दोघींनाही बोलावं लागलं असतं. वेणी घालून झाल्यावर तिनं विचारलं, "दर्द है क्या?"

"थोडं."

"रडू नको. टाके दुखतील."

"तू पण नको रडू."

"मेरेकू टाके नहीं हैं," ती म्हणाली, आणि तिनं खुशाल रडून घेतलं.

*

घरी आल्यावर सगळं छान झालं, असं लिहिणं खोटं होईल. आधी नुसतं पाणी-ताक-वरणाचं पाणी, मग पातळ गाळलेलं, मग कुस्करलेलं. एकदा जास्त झालं तर छातीत दगड बसल्यासारखं वाटायचं. नातेवाइकांकडं आग्रहाला बळी पडून खुबानी का मीठा, म्हणजे जर्दाळूचं गोड, एक चमचा खाल्लं आणि थोड्याच वेळात घामानं भिजले, छाती धडधडायला लागली, आडवं पडावं लागलं. पुढं केस गळायला लागले, मूठमूठ. ते परत येतात, पण तेव्हा ते खरं वाटत नाही. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्माच्या सोबती झाल्या. पण शुगर उतरली, आणि घसा शांत झाला. पहिल्यांदा सपाट आडवी झोपले तेव्हा मिलिंद सारखा उठून माझ्या नाकाशी हात धरून बघत होता.

या सगळ्यात घरातली एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. घरात स्वयंपाकाचा वासच येईना. फोडणी नाही, मटण नाही. मिलिंद ड्यूटीवरून जेवून यायचा. प्रज्ञाला विचारलं की "खाल्लं कॉलेजमध्ये." जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं आणि औषधं साचली. माझी एकटीची छोटी वाटी त्यावर असायची, आणि मी ती एकटीच संपवायची.

एका संध्याकाळी गच्चीवरचे कपडे आणायला म्हणून मी जिना चढत होते. गुडघे दुखत होते, पण वजन उतरल्यामुळं पूर्वीसारखे नाही. वरच्या वळणावर पायरीवर प्रज्ञा बसली होती. मांडीवर बिर्याणीचं पार्सल. मला बघून तिनं ते झाकलं, चोरी पकडल्यासारखं.

"इथं काय करतेस?"

"तुला वास येईल म्हणून."

"आणि पप्पा?"

"ते स्टेशनपरच खाके आते. त्यांनीच बोलले, मम्मीसमोर नको."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. माझ्या वडिलांनी स्वतः उपाशी दिवस काढून पुढं माझं ताट भरलं, आणि त्यांची नात जिन्यात लपून जेवत होती. मी पार्सल तिच्या मांडीवर उघडलं. "खा. मला वास छान वाटतो."

तिनं एक घास घेतला. मग घास तोंडात तसाच ठेवून विचारलं, "मम्मी, मीपण करू का ऑपरेशन? सच बोल. तू मला बघून काय विचार करती?"

हा प्रश्न त्या रिक्षापासून आमच्या दोघींमध्ये बसून होता. मी घाईनं उत्तर देऊन एकदा चुकले होते, म्हणून आता वेळ घेतला.

"तुला बघून माझ्या मनात येतं की ही माझी लेक आहे आणि ही जिन्यात बसून जेवतेय, हे बरोबर नाही," मी म्हणाले. "ऑपरेशनचं मला माहीत नाही, प्रज्ञा. मला काय झालं होतं ते मला ठाऊक आहे. तुला काही होतंय का ते तुला ठाऊक. त्रास असेल तर डॉक्टर आहेत. नसेल तर नाही. पण तुझ्या शरीराचा निकाल माझ्या रिपोर्टावरून लावायचा नाही. मीही नाही, तूही नाही."

"तू मला पतली हो म्हणणार नाहीस?"

"नाही."

"पक्का?"

"पक्का."

तिनं तोंडातला घास संपवला. मग पार्सल उचललं आणि म्हणाली, "चल खाली. ये सीढी पे बैठके पैर सुन्न हुए मेरे." त्या दिवशी टेबलावरची वर्तमानपत्रं तिनंच उचलली. मिलिंद आला तेव्हा तिनं त्याचंही पान घेतलं. तो माझ्याकडं चोरून बघत होता. मी म्हटलं, "बसा हो. फक्त माझ्या वाटीकडं बघू नका, मला हळू खावं लागतं."

पुढच्या काही महिन्यांत मी विहारात पुन्हा पुढं बसू लागले. आवाज पूर्वीसारखा शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचत नाही, मधल्यापर्यंत पोचतो. मागचे लोक थोडे पुढं सरकून बसतात.

*

गेल्या महिन्यात प्रज्ञा म्हणाली, "मम्मी, मेरेकू एक डॉक्टरको दिखाना है. पाळीचा प्रॉब्लेम आहे, कधीपासून. तू चल, पण आत नको येऊ." मी चल म्हटलं. कोठीतल्या एका बायकांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात ती आत गेली, मी बाहेरच्या बाकावर बसले. बराच वेळ लागला. माझ्या मनात नको नको ते येऊन गेलं. आत जावं, सगळं आपण सांगावं, तिच्या वतीनं प्रश्न विचारावेत असं सारखं वाटत होतं. नाही गेले.

ती बाहेर आली, पर्स खांद्याला लावली आणि म्हणाली, "चल, भूक लगी." डॉक्टर काय म्हणाल्या ते तिनं सांगितलं नाही. चेहऱ्यावरून कळेना. मी विचारलं नाही.

शेजारच्याच टिफिनच्या हॉटेलात शिरलो. दुपारची गर्दी होती. तिनं डोसा मागवला, मी एक इडली. तिचा डोसा बघता बघता संपला. माझी इडली अर्धीही झाली नव्हती. मी एक तुकडा तोडायची, चावत राहायची, थांबायची, मग पुढचा. वेटर दोनदा येऊन तिची रिकामी प्लेट बघून गेला. दारात लोक टेबलासाठी ताटकळत होते. मी म्हटलं, "तू हात धुऊन ये. मला वेळ लागेल."

"लागू दे," ती म्हणाली, आणि उठली नाही. वेटर पुन्हा आला तेव्हा तिनंच त्याला सांगितलं, "भैया, अम्मा खा रहे. रुको."

मी जेवत राहिले. समोर ती कोपर टेकून बसली होती आणि तिच्या उजव्या हातावरची चटणी वाळून गेली होती.